पोतनीसांची नादारी

रमाकांत पोतनीसांच्या खात्यात पैसे होते. अडचण एवढीच होती की ते खात्यातच होते.

"बॅलन्स देखाय छे, काका," काउंटरमागची कोमलबेन स्क्रीन त्यांच्याकडे वळवून म्हणाली, "पण निकळशे नहीं."

नर्सने काचेतून बाळ दाखवावं, तसा तिने त्यांना आकडा दाखवला. रमाकांतांनी तो डोळे भरून पाहिला. बाळ सुखरूप होतं. त्यात त्यांची ग्रॅच्युइटी होती, प्रॉव्हिडंट फंड होता, आणि महिना लागला की पेन्शनही मुकाट्याने त्यातच येऊन पडत होतं. पैसे आत जायचा रस्ता उघडा, बाहेर यायचा बंद. उंदराच्या पिंजऱ्याची रचना साधारण अशीच असते, पण त्याला कुणी 'आपले आदरणीय ग्राहक' म्हणत नाही.

"थोडेसे तरी, बेन? मिसेसच्या डोळ्याचं इंजेक्शन आहे पुढच्या सोमवारी."

"कोर्टनो ऑर्डर छे, काका. हुं शुं करुं?" कोमलबेन खरोखरच वाईट वाटून म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून तिने खरी बातमी दिली. कोर्टाचं दुसरं पत्र आलं होतं. शुक्रवारी ही सगळी रक्कम कोर्टात भरायची होती. तिथून ती पादरा गावच्या धवलभाईंना मिळणार होती, ज्यांचं रमाकांत देणं लागत होते.

तो दिवस सोमवार होता.

घरी प्रतिमाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डाव्याच्या पडद्याला सूज होती आणि तो दर महिन्याच्या इंजेक्शनवर कसाबसा तग धरून होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक चुकलं तरी जे जाईल ते परत यायचं नाही. गेल्या महिन्याचं इंजेक्शन प्रतिमाबाईंच्या बांगड्यांतून झालं होतं. आता हातात काचेच्या होत्या, आणि त्यांचा इंजेक्शनला उपयोग नव्हता.

"काय म्हणाली कोमल?"

"आहेत म्हणाली पैसे."

"ते मलाही माहीत आहे. दिले का?"

रमाकांतांनी चपला नको इतक्या नीट लावून ठेवल्या. प्रतिमाबाईंना उत्तर मिळालं.

हे सगळं का झालं, तर थालीपिठामुळे. कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झाल्यावर रमाकांतांनी बडोद्याच्या फतेगंजात अस्सल मराठी जेवणाची खानावळ काढली. युनिव्हर्सिटीची पोरं येतील, लष्कराच्या लाइनीतली माणसं येतील, असा अंदाज होता. आलीही. पोरांनी थालीपिठावर चीज मागितलं, लष्करवाल्यांनी मटण मागितलं, आणि शेजारच्या सोसायटीतल्या पटेलांनी आमटीत गूळ कमी आहे म्हणून सांगितलं. रमाकांतांनी तत्त्व सोडलं नाही. गिऱ्हाइकांनी खानावळ सोडली. तोवर पादऱ्याच्या धवलभाई शहांकडून तेल, डाळी, आणि शेवटी रोख रक्कमही उचलून झाली होती. धवलभाई मागतील तेव्हा देत होते. "घरनी वात छे, पोतनीस साहेब," म्हणत होते. पुढे दावाही त्यांनी घरचाच समजून टाकला.

समन्स घेऊन बेलिफ आला, तेव्हा खरी चूक झाली. पोतनीस हे आडनाव खजिन्यावरून आलेलं. रमाकांतांचे खापरपणजोबा दत्ताजीराव संस्थानच्या खजिन्यावर होते आणि किल्ल्या उशाशी घेऊन झोपत. त्या किल्ल्या पुढे कुठे गेल्या माहीत नाही, पण झोप घराण्यात टिकून राहिली. अशा घरात बेलिफ येणं रमाकांतांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यांनी त्याला पाहुणा समजून बसवलं, चहा दिला, लीलो चेवडो दिला, आणि कागद मात्र घेतला नाही. बेलिफाने चहा पिऊन 'घेण्यास नकार' असं लिहिलं. आपण प्रकरण गोडीने मिटवलं, अशी रमाकांतांची समजूत झाली. ती खातं गोठेपर्यंत टिकली. दावा एकतर्फी निकालात निघाला होता.

नातेवाइकांकडे जाऊन झालं होतं. पोतनीसांचे नातेवाईक दांडिया बाजारात पिढ्यान् पिढ्या आहेत आणि खानावळीच्या उद्घाटनाला सगळे आले होते. हल्ली त्यांच्या घरी लग्नं, बारशी आणि पाहुणे यांची अचानक गर्दी झाली होती.

उरली रसिका माने. रसिका वकील होती, खातं गोठल्यापासून प्रकरण तीच बघत होती, पण प्रतिमाबाईंच्या दृष्टीने ती अजून पाचवी ब मधली, दोन वेण्यांची मुलगी होती. शहरातल्या मराठी शाळेत प्रतिमाबाईंनी आयुष्य काढलं. मग मुलं संपली आणि शाळा बंद झाली. शाळा खासगी, त्यामुळे पेन्शन नाही. शिल्लक म्हणजे बडोद्यात ठिकठिकाणी विखुरलेले विद्यार्थी, त्यांत एक रसिका.

रमाकांत बँकेतून परतले त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. तो प्रतिमाबाईंनी घेतला.

"बाई, एकच रस्ता दिसतोय. काकांची नादारी करून टाकू."

"मुळीच नाही," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"बाई, शुक्रवारच्या आत करावी लागेल."

"रसिका, तुझी फी मी देणार आहे. आज नाही, पण देणार. मला नादारी नको."

मग रसिकाच्या लक्षात आलं. मराठी शाळेत नादारी म्हणजे फीमाफी. वडिलांची ऐपत नसली की मुलाला नादारी मिळते आणि त्याला वर्गात मान खाली घालून बसावं लागतं. ती रसिकालाही मिळाली होती. पण तेव्हापासून तिने सगळी वकिली गुजरातीत केली होती, आणि गुजराती कोर्टात नादारी म्हणजे—

"बाई, नादारी म्हणजे फी नाही. म्हणजे... काकांनी हात वर करायचे."

"कुठे?"

"कोर्टात."

"कशाला?"

रसिकाने शेवटी तो शब्द उच्चारला. दिवाळखोरी. प्रतिमाबाईंनी फोन रमाकांतांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो गरम तवा धरावा तसा धरला.

दुसऱ्या दिवशी रसिका घरी आली आणि तिने समजावून सांगितलं. शुक्रवारी पैसे कोर्टात भरून धवलभाईंच्या हातात पडले की संपलं. त्याआधी दुसऱ्या कोर्टाने रमाकांतांचा नादारीचा अर्ज दाखल करून घेतला, तर पैसे धवलभाईंकडे जाणार नाहीत. कोर्टाने नेमलेला माणूस, म्हणजे रिसीव्हर, सगळं ताब्यात घेईल. मग त्याच्यापुढे मांडायचं की यातली ग्रॅच्युइटी आणि फंड कायद्याने कुठल्याच सावकाराचे नाहीत. ते परत द्या.

"ते आत्ताच का सांगत नाही आपण?" रमाकांत म्हणाले.

"सांगितलं कोर्टात, काका. तुम्ही खानावळीचा गल्लाही रोज त्याच खात्यात भरत होता. साहेब म्हणाले, वेगळं करून दाखवा. एकतर्फी निकाल रद्द करायचा अर्जही टाकलाय. दोन्हीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पैसे शुक्रवारी जातायत."

"आणि इंजेक्शन सोमवारी," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"कायदा एकोणीसशे वीसचा आहे," रसिका म्हणाली. "पाचशे रुपयांच्या वर कर्ज असेल आणि फेडता येत नसेल, तर अर्ज करता येतो."

पाचशे रुपयांत बडोद्यात आता चार माणसांचं धड जेवण होत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निम्मं शहर जेवून उठतानाच नादार होण्याच्या लायकीचं असतं. फक्त कुणी अर्ज करत नाही.

"लोक काय म्हणतील?" रमाकांतांनी विचारलं.

"गुजराती लोक नादार म्हणतील," रसिका म्हणाली.

"आणि मराठी?"

"मराठी लोकांना वाटेल तुम्हाला फीमाफी मिळाली."

यावर फक्त प्रतिमाबाई हसल्या. मग त्यांनी नवऱ्याची तालीम सुरू केली. साहेब एकच प्रश्न विचारतील असं रसिकाने सांगितलं होतं: हे कर्ज तुम्ही फेडू शकता का? उत्तर एका शब्दाचं होतं.

"हं, म्हणा. फेडू शकता का?"

"परिस्थिती जरा..."

"नाही म्हणा."

"तसं बघायला गेलं तर सध्या..."

"अहो, 'नाही'. दोन अक्षरं आहेत. माझ्या पहिलीतल्या पोरांना येत होती."

बुधवारी रात्रीपर्यंत रमाकांत 'अवघड आहे'पर्यंत पोचले. प्रतिमाबाईंनी पास केलं नाही, पण शाळेला दुसरी परीक्षा घ्यायला वेळ नव्हता.

बडोद्याचं नवं कोर्ट दिवाळीपुऱ्यात आहे. दिवाळं काढायला दिवाळीपुऱ्यात जावं लागतं, यात कुणाचा दोष नाही. गुरुवारी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मात्र रमाकांतांचा आवाज इतका खाली गेला की रिक्षा आधी भलत्याच बाजूला वळली. शेवटी प्रतिमाबाईंनीच शाळेच्या आवाजात पत्ता सांगितला.

धवलभाई आधीच आलेले होते. पांढरा सदरा, कपाळाला चंदनाचा टिळा. त्यांनी उठून प्रतिमाबाईंना बाकावर जागा करून दिली, रमाकांतांना हात जोडले, आणि आपल्या वकिलाशेजारी जाऊन बसले. भांडण असं कुठे दिसतच नव्हतं.

पुकारा झाला. न्यायाधीश मध्यमवयीन, सौम्य गृहस्थ होते. म्हातारा माणूस समोर उभा बघून ते सहज म्हणाले, "केम छो, काका? बेसो."

बडोद्यात जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर शिकवावं लागत नाही. बाप सरणावर असला तरी ते तोंडातून आपोआप येतं.

"मजामां, साहेब!" रमाकांत म्हणाले.

धवलभाईंचे वकील हसले. रसिकाने डोळे मिटले. न्यायाधीशांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तेही बडोद्याचेच असावेत. त्यांनी कागद उलटले, रसिकाचं म्हणणं ऐकलं, धवलभाईंच्या वकिलाचं ऐकलं. मग चष्म्यावरून रमाकांतांकडे पाहिलं.

"काका, आ देवुं तमे भरपाई करी शकशो?"

प्रश्न तोच होता. उत्तर दोन अक्षरांचं होतं. गुजरातीत तर एकच अक्षर पुरे, 'ना'. रमाकांतांनी तोंड उघडलं. समोर न्यायाधीश होते, बाजूला धवलभाई होते, मागच्या बाकावर कुठल्या तरी वेगळ्या खटल्याला आलेला दांडिया बाजारातला एक ओळखीचा सोनार होता. रमाकांतांची पाठ आपोआप ताठ झाली.

"साहेब," ते म्हणाले, "पोतनीसांनी आजवर कुणाची पै बुडवली नाही. वेळ लागेल. पण फेडीन. एकूण एक फेडीन."

न्यायाधीशांना मराठी समजत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तो पछी नादार शेना?"

मग नादार कसले, हा प्रश्न कायद्याला धरूनच होता. जो फेडू शकतो त्याला नादार होता येत नाही. अर्जाचा पायाच रमाकांतांनी स्वतःच्या हाताने उपटून टेबलावर ठेवला होता. रसिका घाईघाईने उठून, अर्जदार वयस्कर आहेत, भावनेच्या भरात बोलले, असं काही सांगू लागली. तेवढ्यात धवलभाई हात जोडून उभे राहिले. वकिलाने त्यांना रोखलं नाही.

"साहेब, मारे एटलुं ज कहेवुं छे," ते अत्यंत आदराने म्हणाले. "पोतनीस साहेबनी जबान एटले जबान. मने पूरो भरोसो छे."

आयुष्यात कुणी रमाकांतांची इतकी स्तुती चारचौघांत केली नव्हती. ऐकताना त्यांना एक क्षण बरंही वाटलं. पुढच्या क्षणी त्यांना आपल्या बायकोचा डावा डोळा दिसला, आणि बरं वाटणं तिथेच संपलं. 'नाही' म्हणायची वेळ गेली होती. आता म्हटलं असतं, तर जबान गेली असती. म्हटलं नसतं, तर डोळा. ते कठडा धरून उभे राहिले.

बाक सरकल्याचा आवाज झाला. प्रतिमाबाई उठल्या होत्या. रसिका हात द्यायला पुढे झाली, पण त्या आपल्याआपण चालत आल्या, थांबल्या, पदर नीट केला, आणि न्यायाधीशांना उद्देशून बोलू लागल्या. फक्त त्या ज्यांच्याकडे बघत होत्या ते न्यायाधीश नव्हते. खालच्या टेबलाशी टाइप करायला बसलेला कारकून होता. त्याने टाइप करणं थांबवलं आणि तो अवघडून बसला. कुणीच त्यांना सांगितलं नाही.

"साहेब, मी मास्तरीण. जन्मभर नादारीचे अर्ज बघितले," त्या कारकुनाला म्हणाल्या. "कोर्टातली नादारी मला कळत नाही, शाळेतली कळते. पोरांचे बाप यायचे माझ्याकडे. ज्यांच्या घरी असायचं ना, ते बिनधास्त सांगायचे, बाई, आमच्याकडे काही नाही हो, द्या नादारी. ज्यांच्याकडे खरंच नसायचं, ते काय म्हणायचे माहीत आहे? पुढच्या महिन्यात देतो. पै न् पै देतो, बाई. असं कुणी म्हणालं की मी काही न विचारता नाव लिहायची."

रसिका आपल्या फायलीकडे बघत होती. तिचे वडील तिच्या आठवणीत दर महिन्याला शाळेत येऊन पुढच्या महिन्याचं बोलून जात.

"हे फेडीन म्हणतायत," प्रतिमाबाई म्हणाल्या. "त्यांना एवढंच विचारा, कशातून?"

कारकुनाने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. न्यायाधीश रमाकांतांकडे वळले.

"काका," ते हळू म्हणाले, "शेमांथी?"

कशातून. रमाकांतांनी खरोखर विचार केला. खातं गोठलेलं. खानावळीची भांडी विकलेली. बांगड्या गेलेल्या. राहतं घर भाड्याचं. ते एकेका गोष्टीपाशी मनातल्या मनात जाऊन उभे राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी दार बंद होतं. मागच्या बाकावरचा सोनार पुढे वाकून ऐकत होता. ऐकू दे.

"खबर नथी, साहेब," रमाकांत म्हणाले. मग तालीम आठवून त्यांनी मराठीतही सांगितलं, "नाही. मला नाही फेडता येणार."

न्यायाधीशांनी पेन उचललं.

अर्ज दाखल झाला. बँकेने पैसे आहेत तिथेच ठेवावेत, असा हुकूम निघाला. शुक्रवार टळला. रसिकाने लगेच इंजेक्शनपुरती रक्कम सोडायची विनंती केली. साहेब म्हणाले, ते रिसीव्हरपुढे मांडा, तो मंगळवारी नेमू. म्हणजे पैसे आता धवलभाईंना मिळणार नव्हते, आणि पोतनीसांनाही मिळणार नव्हते. बाळ सुखरूप होतं. काच जाड झाली होती.

"मंगळवार," बाहेर व्हरांड्यात प्रतिमाबाई म्हणाल्या. "सोमवारनंतर येतो ना तो?"

रसिका फोनमध्ये स्वतःच्या खात्यात काय आहे ते बघत होती, आणि जे दिसलं त्याने तिने फोन पर्समध्ये टाकला.

धवलभाई वकिलाला निरोप देऊन त्यांच्याकडे आले. चेहऱ्यावर राग नव्हता. तो चेहरा व्यापाऱ्याचा होता, आणि त्यावर काय असतं हे पादऱ्यातही फारसं कुणाला कळत नाही. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं.

"काकी, इंजेक्शन केटलानुं छे?"

प्रतिमाबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि आकडा सांगितला. धवलभाई नोटा मोजू लागले.

दया आली असेल. किंवा बायको आंधळी झालेला नादार पुढच्या तारखेला कोर्टात उभा राहिला, तर ग्रॅच्युइटीबद्दल साहेबांचं मन कुठे वळेल, याचा त्यांनी हिशेब केला असेल. दोन्ही एका खिशात राहू शकतं.

"काका, थांबा." रसिका मध्ये आली. कायदा तिच्या तोंडून नाइलाजाने बाहेर पडला. "आपण उधार घेतोय. नादार माणसाने पन्नास रुपयांच्या वर उधार घेताना समोरच्याला आधी सांगावं लागतं. न सांगता घेतलं तर गुन्हा आहे. तुम्ही अजून पुरते नादार ठरला नाहीत, पण मी धोका पत्करणार नाही. आधी सांगा."

"काय सांगू?"

"की तुम्ही नादार आहात."

रमाकांतांनी धवलभाईंकडे पाहिलं. धवलभाई नोटा हातात धरून वाट बघत उभे राहिले. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्यापेक्षा जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं. तो सोनार जिन्याशी रेंगाळत होता.

"धवलभाई," रमाकांत म्हणाले, "मी नादार आहे."

"मने खबर छे, साहेब," धवलभाई म्हणाले. "हुं ज तो सामेवाळो छुं." आणि समोरच्या पक्षाने नोटा पुढे केल्या.

रमाकांतांनी त्या घेतल्या. घेता घेता त्यांची पाठ पुन्हा ताठ होऊ लागली. छाती भरून आली, ओठ उघडले, आणि 'फे' पर्यंत आवाज बाहेरही पडला.

प्रतिमाबाईंनी त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला. तो दंड शोधायला त्यांना डोळे लागत नव्हते.